सणासुदीचा हिवाळा आणि घरातील नवजात बालक : एक प्रबोधनपर लेख



जमाखर्चाचा ताळेबंद, विभागवार कोष्टके आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीने वार्षिक अहवालात आरोग्य-प्रबोधनाचा एक लेख असावा, अशी आपल्या न्यासाची प्रथा आहे. यंदाचा विषय प्रत्येक घराच्या उंबरठ्याच्या आतला आहे : नुकतेच जन्मलेले बाळ, त्याचा पहिला हिवाळा, आणि दिवाळीपासून रथसप्तमीपर्यंत एकापाठोपाठ एक येणारे सण.

आम्ही प्रशासनाचे लोक. वैद्यकशास्त्राचे पदवीधर नव्हे. म्हणून या लेखातील वैद्यकीय भाग बालरोग विभागातील सहकाऱ्यांकडून तपासून घेतला आहे. तथापि नोंदणी खिडकीवर जे कळते, ते तपासणीच्या खोलीत नेहमीच कळते असे नाही. बाळ किती आजारी आहे, हे डॉक्टरांना दिसते. ते किती उशिरा आले आणि का, हे केसपेपर काढताना नातेवाइकांच्या बोलण्यातून उमगते. “घरात पाहुणे होते”, “सण तोंडावर होता”, “भाऊबीज उरकली की निघणारच होतो” ही वाक्ये दरवर्षी या दिवसांत आमच्या कानी पडतात. बोलणारी माणसे निष्काळजी नसतात; उलट बाळावर जीव ओवाळून टाकणारी असतात. प्रेमाची उणीव कोठेच नसते. उणीव असते ती थोड्याशा माहितीची आणि घरातल्या व्यवस्थेची. ती भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न आहे.

१. आजार थंडीने येतो की माणसांबरोबर?

“बाळाला गारवा बाधला” असे आपण सहज म्हणतो. वस्तुस्थिती अशी की सर्दी, खोकला, फ्लू हे आजार विषाणूंमुळे होतात आणि विषाणू थंडीबरोबर नव्हे, तर माणसांबरोबर घरात येतात. शिंकेतून आणि खोकल्यातून उडणाऱ्या तुषारांवाटे, तसेच न धुतलेल्या हातांवाटे ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात. हिवाळ्यात आपण दारे-खिडक्या लावून एकत्र बसतो, सणसमारंभाला गर्दी करतो, म्हणून त्यांचे फावते. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यातही असतो आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात पुन्हा वाढतो. तेव्हा केवळ गरम कपडे चढविले म्हणजे संरक्षण झाले, हा समज पुरेसा नाही.

या विषाणूंपैकी एकाची ओळख वाचकांस असावी. ‘रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस’ ऊर्फ आर.एस.व्ही. हा १९५६ साली प्रथम चिंपांझी माकडांमध्ये आढळला आणि पुढे लहान मुलांच्या श्वसनविकारांचे तो एक प्रमुख कारण असल्याचे सिद्ध झाले. मोठ्या माणसाला त्याने साधी सर्दी होते. चार शिंका आल्या, नाक वाहिले, की संपले. परंतु दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या श्वासनलिकेच्या शाखा इतक्या अरुंद असतात की थोडी सूज आणि थोडा चिकट स्राव एवढ्यानेच हवेचा मार्ग कोंडतो. घरातल्या काकांचे किरकोळ पडसे आणि बाळाला लागलेली धाप, ही एकाच विषाणूची दोन रूपे असू शकतात. हा विषाणू दाराची कडी, खुळखुळा, मोबाईल फोन अशा कठीण पृष्ठभागांवर काही तास टिकून राहतो. म्हणून बाळाला उचलण्यापूर्वी साबणाने हात धुणे हा उपचार नसला, तरी उपचारांची वेळ टाळणारा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

थंडीचा धोकाही खराच आहे, परंतु तो निराळा आहे. नवजात बालकाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे लागते. बाळाचे अंग लहान, चरबी कमी, त्यामुळे ते मोठ्या माणसापेक्षा झपाट्याने गार पडते. तापमापक नसेल, तर आपल्या हाताची पालथी बाजू बाळाच्या पोटाला आणि मग पावलाला लावून पाहावी. दोन्ही उबदार असतील, तर बाळ सुखरूप आहे. पोट उबदार पण पाऊल गार असेल, तर बाळाला थंडी वाजते आहे. त्याला छातीशी धरावे आणि पांघरूण वाढवावे. पोट व पाऊल दोन्ही गार असतील, तर तो धोक्याचा इशारा आहे. बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून धरावे आणि तसेच रुग्णालयात आणावे.

२. जुन्या चालींतील काय ठेवावे, काय सोडावे?

आपल्या पूर्वजांनी बाळंतघराभोवती काही मर्यादा आखल्या होत्या. दहा दिवसांचे सोयर, बाराव्या दिवशी बारसे, सव्वा महिना बाळंतिणीने उंबरठा न ओलांडणे. यांपैकी शिवाशिवीच्या कल्पनेचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु त्या चालींमुळे एक गोष्ट आपोआप साधत असे : बाळाच्या अत्यंत नाजूक दिवसांत त्याच्याजवळ मोजकीच माणसे जात. आज प्रसूती रुग्णालयात होते, ही मोठीच इष्ट गोष्ट घडली. पण त्याचबरोबर प्रसूतीच्या दिवसापासूनच खाटेभोवती पाहुण्यांची रांग लागू लागली. सोयर गेले, हे बरे झाले. मर्यादाही गेली, हे बरे झाले नाही.

उलट, काही चाली सोडण्याजोग्या आहेत. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून बाळाला शेक देणे आणि ओवा, लसणाची साले वा बाळंतशोपा टाकून धुरी देणे, ही अजून अनेक घरांतील रीत आहे. धुराने बाळाच्या श्वासमार्गाचा दाह होतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे कोंडलेल्या जागेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. ऊब हवी तर टोपडे, मोजे, एकावर एक दोन-तीन पातळ कपडे आणि आईची कुशी यांनी ती मिळते. जड गोधडी बाळाच्या तोंडावर येणार नाही, याची मात्र काळजी घ्यावी; आणि बाळाला नेहमी उताणे निजवावे.

न्हाऊमाखू घालण्याचेही तसेच. हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही. खोली उबदार असावी, दार लावलेले असावे आणि अंग लगेच कोरडे करावे. पण नाकात-कानात तेल सोडणे आणि नाक मोकळे करण्यासाठी त्यात फुंकर मारणे, हे प्रकार थांबले पाहिजेत. अशा फुंकरीने नाक साफ होत नाही. मोठ्या माणसाच्या तोंडातील जंतू मात्र थेट बाळाच्या श्वासमार्गात जातात.

जन्मतः वजन २,५०० ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या बाळांसाठी ‘कांगारू मातृसेवा’ ही पद्धत आहे. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा येथील एका रुग्णालयात, उबदार पेट्या अपुऱ्या पडत असल्याने, डॉक्टरांनी बाळांना मातेच्या उघड्या छातीशी बांधण्यास आरंभ केला. गरजेपोटी निघालेली ही युक्ती आज जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत आहे. आई थकली असता वडील, आजी किंवा मावशीही बाळाला असे धरू शकतात. घरातील पुरुषांना बाळंतघरात काही काम नसते, हा समज या एका पद्धतीने खोटा ठरविला आहे.

३. दिवाळीचे चार दिवस

पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. मुलगी माहेरी, दिवाळीचा सण, जावई येणार, विहीणबाई नातवंडाला पाहण्यास येणार, भाऊबीजेला भाऊ-भावजया जमणार. घर भरलेले असावे, असे कोणास वाटणार नाही? त्या आनंदात उणे काढण्याचा आमचा हेतू नाही. केवळ चार ठिकाणी सावधगिरी सुचवितो.

नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान पहाटे असते. तान्ह्या बाळाला पहाटेच्या गारठ्यात न्हाऊ घालण्याचा आग्रह धरू नये. टाळूला तेलाचे बोट लावून औक्षण करावे; सण साजरा झाला. प्रत्यक्ष स्नान उन्हे वर आल्यावर घालावे. उटणे, सुगंधी पावडर आणि अत्तर यांपासून बाळाची कातडी व नाक दूर ठेवावे.

फटाक्यांचा धूर तान्ह्या बाळाच्या श्वासाला मानवत नाही. संध्याकाळी रस्त्याच्या बाजूच्या खिडक्या काही वेळ लावून बाळाला आतल्या खोलीत ठेवावे. धूर ओसरला की हवा खेळू द्यावी. रुग्णालयापासून १०० मीटरपर्यंतचा परिसर कायद्याने शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो, याचेही या निमित्ताने सर्व परिसरवासीयांना स्मरण करून देतो.

तिसरी गोष्ट मुक्याची. बाळाचा मुका घेणे ही वडीलधाऱ्यांची हौस असते. पण तोंडाजवळ तोंड नेणे हा विषाणूंचा सर्वांत जवळचा रस्ता आहे. पायाला हात लावून आशीर्वाद द्यावा.

चौथी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नवजात बालकाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा स्तनपान लागते. घर माणसांनी भरले की बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत राहते. आई चारचौघांत संकोचते, उठून आत जाण्याचे तिच्या जिवावर येते, आणि एखादे दुसरे पाजणे चुकते. आता विचार करावा : बाळ आजारी पडू लागले, की पुष्कळदा पहिले लक्षण ‘दूध कमी ओढणे’ हेच असते. गर्दीच्या दिवशी दूध कमी प्यायले ते पाहुण्यांमुळे की आजारामुळे, हे कोणासच सांगता येत नाही. अशा रीतीने सणाचा दिवस आजाराची पहिली खूण झाकून टाकतो. म्हणून बाळ दर दोन-तीन तासांनी आईकडे परत जाईल आणि आईला स्वतंत्र, शांत खोली मिळेल, ही व्यवस्था फराळाच्या तयारीइतकीच आवश्यक आहे.

४. ‘नाही’ कोणी म्हणावे?

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येथे येतो. आतापर्यंत सांगितलेले बहुतेक वाचकांना पूर्वीपासून ठाऊक असेल. मग ते घडत का नाही? आमच्या अवलोकनानुसार याचे उत्तर वैद्यकीय नाही, कौटुंबिक आहे. खोकणाऱ्या मामंजींना “बाळाला घेऊ नका” असे सुनेने कसे म्हणावे? दूरवरून एस.टी.ने आलेल्या आत्याबाईंना “आधी हात धुवा” असे नव्या आईने कोणत्या तोंडाने सांगावे? ती गप्प राहते. डोळ्यांसमोर घडत असलेली गोष्ट तिला कळते, खुपते, पण बोलवत नाही. पुढे बाळ आजारी पडले, की “आईने जपले नाही” हा ठपकाही तिच्याच माथी येतो.

आमचे आग्रहपूर्वक सांगणे आहे की ‘नाही’ म्हणण्याचे काम बाळंतिणीवर टाकू नये. ते घरातील सर्वांत वडीलधाऱ्या आणि मानाच्या व्यक्तीने स्वतःकडे घ्यावे. आजींनी दारातच म्हणावे, “या, बसा, फराळ करा, बाळ दुरून बघा, सर्दी ओसरली की मनसोक्त घ्या.” आजींच्या शब्दाने कोणी दुखावत नाही, सुनेच्या त्याच शब्दाने वर्षभराचा रुसवा होतो. सासर-माहेर दोन्हीकडील आजी-आजोबांनी बारशापूर्वीच एकमेकांशी बोलून हे ठरविले, तर कोणाचाच मानापमान होत नाही. आम्ही प्रसूती विभागातून घरी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबास विनंती करतो की जाण्यापूर्वी घरातील एक ‘राखणदार’ ठरवावा आणि तो आईव्यतिरिक्त असावा.

राखणदाराची कामे थोडकी आहेत. दाराशी साबण-पाणी ठेवणे. सर्दी, खोकला वा ताप असलेल्यास प्रेमाने दूर बसविणे. एका वेळी दोन-तीन माणसांपेक्षा अधिक आत न सोडणे. घरात विडी-सिगारेट ओढू न देणे. आणि आईची झोप राखणे. शाळेत जाणारे मोठे भावंड असेल, तर त्याने घरी येताच हातपाय धुऊन कपडे बदलावेत आणि मगच बाळाजवळ यावे. त्याला दूर लोटू नये. “बाळाच्या खोलीचा तू पहारेकरी” असे सांगितले, की मूल ती जबाबदारी अभिमानाने पार पाडते.

५. बाळाला सर्दी झालीच, तर

इतके करूनही सर्दी होऊ शकते, आणि त्यासाठी कोणी कोणास दोष देऊ नये. बहुतेक बाळे घरच्या काळजीने बरी होतात. नाक चोंदल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने सलाइनचे थेंब पाजण्यापूर्वी नाकात घालावेत. थोडे थोडे, पण अधिक वेळा पाजावे. आईलाच सर्दी-ताप असेल, तर स्तनपान थांबवू नये. हात धुऊन, नाका-तोंडावर मास्क बांधून पाजत राहावे. आजाराविरुद्ध आईच्या शरीरात तयार होणारी संरक्षक द्रव्ये दुधातून बाळाला मिळतात.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज वरचे काही, पाणीसुद्धा, देऊ नये. सहाणेवर उगाळलेली गुटीही या नियमात येते. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये. त्यातील जंतूंमुळे बोट्युलिझम हा दुर्मिळ परंतु प्राणघातक आजार होऊ शकतो. कापूर बाळाच्या छातीला चोळू नये, त्याची पुरचुंडी उशाशी ठेवू नये. तो पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. उकळत्या पाण्याची वाफ बाळाला देऊ नये, कारण भाजण्याचा धोका मोठा असतो.

खोकल्याच्या औषधांविषयी विशेष सांगणे आवश्यक आहे. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित कफ सिरपमुळे अनेक बालके दगावली. त्यांपैकी काहींवर नागपुरात उपचार चालू होते. त्यानंतर केंद्र शासनाच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, अशी सूचना दिली. मोठ्या भावंडासाठी आणलेली बाटली “थोडेसे देऊन पाहू” म्हणून बाळासाठी उघडणे, हा विचारही मनात आणू नये. तसेच, प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. ती केव्हा द्यावयाची हे डॉक्टरांनीच ठरवावे.

लसीकरण हे संरक्षणाचे दुसरे दार आहे. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जिवाणूवरील न्यूमोकोकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय कार्यक्रमात आली, आणि २०२१ पासून ती देशभर मोफत मिळू लागली. ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यात देऊन नवव्या महिन्यात वर्धक मात्रा द्यावयाची असते. सण आहे, प्रवास आहे म्हणून तारीख पुढे ढकलू नये. फ्लूची लस सहा महिन्यांखालील बाळाला देता येत नाही. म्हणून गर्भवती मातेने ती घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. आर.एस.व्ही.पासून रक्षणासाठी गर्भवतीला देण्याची लस आणि बाळाला देण्याचे प्रतिपिंडांचे इंजेक्शन, अशी दोन साधने अलीकडे निघाली असून २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांची शिफारस केली आहे. त्यांविषयीही आपल्या डॉक्टरांना विचारावे.

६. श्वास मोजण्याची विद्या

घरच्या काळजीची मर्यादा कोठे संपते, हे ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. घड्याळ आणि डोळे पुरतात. ही गोष्ट महाराष्ट्राच्याच भूमीत सिद्ध झाली आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात गावातील साध्या कार्यकर्त्यांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास शिकविले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नसत, त्यांच्यासाठी मण्यांचे साधे साधन तयार करण्यात आले. पुढे गावातील प्रशिक्षित आरोग्यदूत महिलांनी घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती नवजात बालकाच्या घरी ठरावीक दिवशी भेट देते, त्यामागे या कार्याची प्रेरणा आहे. आशाताई दारी आल्या, तर सण असला तरी त्यांना परत पाठवू नये.

रीत अशी : बाळ शांत किंवा झोपलेले असताना त्याचे पोट उघडे करावे आणि पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर ठेवून, पोट किती वेळा वर येते ते मोजावे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक भरल्यास पुन्हा एकदा मोजावे. दुसऱ्यांदाही तितकेच भरले, तर ते धोक्याचे आहे. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ही मर्यादा ५० आहे. प्रत्येक घरातील निदान दोन माणसांना हे मोजमाप आले पाहिजे. बाळ निरोगी असतानाच एकदा मोजून पाहावे. म्हणजे आजारात हात थरथरत नाही.

श्वासाखेरीज पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात : बाळ दूध ओढेनासे होणे, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणे, कण्हणे, ओठ किंवा जीभ निळसर होणे, झटके येणे, हलविल्याशिवाय हालचाल न करणे, तळहात-तळपाय पिवळे दिसणे, लघवी नेहमीपेक्षा फार कमी होणे, आणि दोन महिन्यांखालील बाळाला ताप येणे किंवा त्याचे अंग गार पडणे. यांपैकी एकही खूण दिसली, तर उद्याची वाट पाहू नये.

७. सण थांबतो, आजार थांबत नाही

आमच्या बालरोग विभागातील सहकाऱ्यांनी सांगितलेले एक उदाहरण, कुटुंबाची ओळख न देता, येथे नोंदवितो. पाच आठवड्यांची मुलगी. लक्ष्मीपूजनाला घरात सर्दीची साथ. पाडव्याला बाळाचे दूध कमी झाले; गडबडीत वाटले, की माणसे पाहून बावरली असेल. भाऊबीजेच्या सकाळी धाप लागली. “दवाखाने बंद असतील, ओवाळणी झाली की बघू” असे ठरत होते. आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांनी खिशातील घड्याळ काढून श्वास मोजले, ते सत्तरच्या पुढे भरले. त्यांनी ताट तसेच झाकून ठेवावयास सांगितले आणि मुलीला घेऊन निघाले. प्राणवायू आणि नळीवाटे दूध यांवर काही दिवस राहून मुलगी सुखरूप घरी गेली. ओवाळणी आठवड्याने झाली. भाऊ तोच, बहीण तीच, निरांजनही तेच. आणखी अर्धा दिवस गेला असता, तर काय झाले असते, हे लिहिण्याची आवश्यकता नाही.

आपल्या रुग्णालयाचा बालरोग विभाग व नवजात कक्ष दिवाळीसह वर्षाचे सर्व दिवस आणि रात्री उघडा असतो. अनामत रक्कम हाताशी नाही म्हणून कोणीही बाळ घेऊन घरी थांबू नये. आधी बाळ आत घेतले जाते, कागदपत्रे नंतर होतात, हा न्यासाचा नियम आहे. १०८ क्रमांकाची शासकीय रुग्णवाहिका मोफत मिळते. शासकीय रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बालकांवर मोफत उपचारांची सोय २०११ पासून आहे, आणि ती पुढे एक वर्षापर्यंतच्या बालकांनाही लागू झाली. वाटेत बाळाला आईच्या छातीशी धरून ठेवावे आणि ते ओढत असेल, तर पाजत राहावे.

८. कोपीतला हिवाळा

आपले रुग्णालय साखरपट्ट्यात आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आदी भागांतून ऊसतोड कुटुंबे आपल्या परिसरात येतात आणि गाळप संपेपर्यंत राहतात. वर सांगितलेले बहुतेक उपाय पक्के घर, स्वतंत्र खोली आणि आजीबाई गृहीत धरतात. पाचट-प्लॅस्टिकच्या कोपीत यांपैकी काहीही नसते. तेथे आई पहाटेच्या गारठ्यात फडात जाते. बाळ बांधावर झोळीत असते किंवा पाच-सहा वर्षांच्या बहिणीच्या ओटीत. चूल आणि अंथरूण यांत दोन हातांचे अंतर असते.

अशा ठिकाणी उपदेशापेक्षा सोय उपयोगी पडते. बाळाला लुगड्याच्या पट्टीने छातीशी बांधणे, चूल कोपीच्या बाहेर मांडणे आणि माता-बाल संरक्षण कार्ड गावाहून बरोबर आणणे, एवढे तीन निरोप आम्ही मुकादमांमार्फत आणि कारखान्यांमार्फत पोहोचवीत असतो. लस कोणत्याही गावच्या शासकीय केंद्रात मोफत मिळते, हेही सांगतो. परंतु मजुरी बुडेल या भीतीने आई दुपारपर्यंत थांबते, तेव्हा तिच्या त्या हिशेबाला दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. तो हिशेब बदलणे मात्र आपल्या हाती आहे; आणि न्यासाच्या गरजू बालकांसाठीच्या निधीचे प्रयोजन तेच आहे.

९. संक्रांत आणि बोरन्हाण

बाळाच्या पहिल्या संक्रांतीला काळे झबले, हलव्याचे दागिने आणि बोरन्हाण ही महाराष्ट्रातील गोड प्रथा आहे. बोरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, हलवा डोक्यावरून ओतला जातो आणि जमलेली मुले तो वेचून खातात. येथे एकच धोका सांगावयाचा आहे. शेंगदाणा, बोराची आठोळी, हलव्याचा दाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. हाती येईल ते तोंडात घालण्याच्या वयातील बाळाच्या अंगावरून असे पदार्थ टाकू नयेत. फुलांच्या पाकळ्या वापराव्यात आणि बोरे-शेंगा मोठ्या मुलांना वेगळ्या बसवून द्याव्यात. हलव्याचे दागिने छायाचित्र काढून होताच उतरवावेत.

बाळाला त्या दिवशी सर्दी असेल, तर समारंभ पुढे न्यावा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणत्याही दिवशी बोरन्हाण करता येते. परंपरेनेच ही सवलत ठेवली आहे. आपल्या सणांना इतकी लवचिकता आहे. आपल्या आग्रहालाही ती असावी.

१०. देणगीदारांस निवेदन

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. खर्चाच्या दोन बाजू पाहण्याची आम्हांस सवय आहे. नवजात कक्षातील एका बाळामागे प्राणवायू, उबदार खाट, रात्रंदिवस परिचारिका आणि तपासण्या असा खर्च उभा राहतो. तो आपल्या देणग्यांतून भागतो आणि त्यासाठी न्यास आपला ऋणी आहे. परंतु ज्या बाळाला कक्षाची पायरी चढावीच लागली नाही, त्याची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही. धुतलेले हात, विझविलेली शेगडी, वेळेवर मोजलेला श्वास आणि आजींनी दारात मृदूपणे उच्चारलेला नकार यांना लेखापरीक्षणात रकाना नाही. तरीही आमच्या मते न्यासाची सर्वांत मोठी शिल्लक तीच होय.

म्हणून आपणांस दोन विनंत्या आहेत. आपले साहाय्य पूर्ववत चालू ठेवावे, ही पहिली. दुसरी, हा लेख वाचून झाल्यावर ज्या घरी तान्हे बाळ आहे, त्या घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावा; बाळंतिणीच्या नव्हे. तिला आधीच पुष्कळ कामे आहेत.

सर्व नवजात बालकांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, ही सदिच्छा.

— रुग्णालय प्रशासन विभाग